एकसष्ट ते ऐंशी

"उत्तर नगो. आधी प्रश्न सांगा की, पावणं."

हे म्हणताना तो उजवा हात असा पुढे धरायचा, जसा आपण समोरून येणारी सायकल थांबवायला धरतो. परीक्षा सुटलेली, पोरं हॉलमधून बाहेर पडून 'सत्तावीसचं काय आलं, सत्तावीसचं' करत एकमेकांच्या अंगावर धावतायत आणि हा शाळेच्या फाटकापाशी हात पुढे करून उभा. प्रश्न नीट सांगता आला तरच तो पुढे बोलायचा. बहुतेकांना सांगता येत नसे. आपण काय उत्तर दिलं ते प्रत्येकाच्या लक्षात असतं, विचारलं काय होतं ते कुणालाच धड आठवत नाही. तुम्हीही कधी परीक्षा दिली असेल तर आठवून बघा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात सिव्हिलची पदवी घेऊन घरी बसलो होतो. तयारी करत होतो असंही म्हणता येईल, आमच्या पेठेत दोन्हींत फारसा फरक करत नसत. सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंत्याची जाहिरात दोन-तीन वर्षांतून एकदा निघायची. जागा मूठभर, अर्ज पोतंभर. पदवीवाले आणि डिप्लोमावाले एकाच परीक्षेला बसायचे, आणि आम्हा पदवीवाल्यांना त्याचा आतून राग असायचा.

आमची अभ्यासिका एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. खाली दळण सुरू झालं की वर टेबल थरथरायचं आणि संध्याकाळपर्यंत वह्यांवर पिठाचा बारीक थर बसायचा. तिथं आम्ही पाचजण नेमाने बसायचो. मी, गडमुडशिंगीहून सायकलवरून येणारी सुनंदा, हातकणंगल्याहून रेल्वेने येणारे दोघे मित्र आणि हा. हा राधानगरीच्या वरच्या अंगाचा, डिप्लोमावाला, आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. शहरात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. दिवसभर साइटवर राबून तो साडेपाचला यायचा. पायाच्या बोटांना सिमेंट लागलेलं असायचं आणि खिशात कायम एक सहा इंची पट्टी.

ती पट्टी कशाला, तर एकदा पाहिलंच आम्ही. कोपऱ्यावरच्या खानावळीत उपीट मागवलं होतं. यानं उपिटाची वाटी बशीत पालथी घातली, अलगद वर उचलली आणि ढीग किती खचला ते पट्टी लावून मोजलं. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालंय का हे साइटवर असंच बघतात. तिथं वाटीऐवजी लोखंडी साचा असतो एवढंच.

"मावशी, पाणी जास्त हाय," तो खानावळवालीला म्हणाला. "ह्या उपिटावर स्लॅब टाकला तर पडंल."

"तुझ्या डोक्यावर टाकते," मावशी म्हणाली, पण दुसऱ्या दिवसापासून उपीट मोकळं होऊ लागलं. त्याच्या बशीत शेंगदाणेही जास्त पडू लागले. ते मी रोज बघायचो.

आता सांगूनच टाकतो. मी त्याच्यावर जळायचो. तो वाईट असता तर सोपं होतं, चारचौघांत नावं ठेवून मोकळा झालो असतो. पण त्याच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि जळणाऱ्या माणसाची याहून मोठी पंचाईत नसते. कॉलेजात मी पहिल्या वर्गातला. अभ्यासिकेत मात्र शंका आली की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या. सुनंदा माझ्या शेजारी बसायची आणि वही घेऊन उठून त्याच्यापर्यंत चालत जायची. मध्ये दोन टेबलं होती. ती वही मलाही दाखवता आली असती.

प्रश्नांच्या वाटणीची कल्पनाही त्याचीच. त्या परीक्षेत प्रश्नपुस्तिका परत घ्यायचे, कागदाचा कपटाही बाहेर नेऊ द्यायचे नाहीत. म्हणजे गेल्या खेपेला काय विचारलं होतं ते कुणालाच ठाऊक नसायचं. यानं आम्हा पाचजणांत शंभर प्रश्न वीस-वीस वाटून दिले. पेपर सगळ्यांनी पूर्ण सोडवायचा, पण आपल्या वाट्याचे वीस शब्द न शब्द, चारी पर्यायांसकट डोक्यात भरून आणायचे. सुटल्यावर शाळेसमोरच्या चहाच्या दुकानात बसायचं, तो एकेक कोरा ताव वाटणार, आणि लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. बोललं की प्रश्न सांडतात, असं त्याचं म्हणणं.

"ह्यात आपला येळ जातो की," हातकणंगल्याचा एकजण म्हणाला. "वीस पाठ करायचं का सोडवायचं?"

"दहा मिनटं जात्यात," तो म्हणाला. "पर पुढच्या खेपंला पाचीजणांस्नी उपेगी पडतंय. इचार करा."

माझ्या वाट्याला आले एकसष्ट ते ऐंशी.

पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, माझ्या वडिलांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. वडील पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी मला 'बरं केलंस' म्हटलेलं आठवत नाही. मी पहिल्या वर्गात आलो तेव्हा 'बाकीचे किती आले?' एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा होता. आई त्याला आग्रह करत होती आणि वडील त्याला कालव्याच्या कामावरचे किस्से सांगत होते. ते मी पूर्वी कधी ऐकलेच नव्हते. माझ्या लक्षात आलं की मी कधी विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं.

जेवण झाल्यावर वडील आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यात त्यांचा पितळी ओळंबा होता. भिंत सरळ आहे का बघायचा तो गवंडी लोकांचा दोरीला बांधलेला लंबगोल गोळा. चाळीस वर्षं वापरून त्याला सोन्यासारखी झिलई आली होती.

"हा तू वापर," वडील त्याला म्हणाले. "हितं नुसता पडून हाय."

"अण्णा, पोरगा हाय की घरात," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"त्याला पुस्तकातली भिंत सरळ करायची हाय. त्याला कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर तो ओळंबा मला कधी नको होता. अडगळीच्या कपाटात तो कितीदा हाताला लागला असेल, मी बाजूला सारला होता. दुसऱ्याच्या पिशवीत गेला त्या क्षणी मात्र तो माझा झाला.

दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी नेमाप्रमाणे एकसष्ट ते ऐंशी वाचले, सोडवले, डोक्यात भरले. चहाच्या दुकानात त्यानं कोरे ताव वाटले. मी लिहायला लागलो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. बारावा प्रश्न लिहून झाला आणि माझा हात थांबला. पुढचे आठही मला स्वच्छ आठवत होते. समोर तो मान खाली घालून लिहीत होता आणि त्याच्या खांद्याला ती कापडी पिशवी होती.

"एवढेच आठवले," मी ताव पुढे सरकवला.

त्यानं वाचला. पहिले बारा दिसले आणि मग रिकामी जागा. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "बारा बी लई झालं. माझ्या डोक्यातनं दोन सांडलं बघा." त्यानं कोऱ्या जागेत त्र्याहत्तर ते ऐंशी एवढे आकडे मात्र एकाखाली एक मांडून ठेवले. कधी आठवले तर लिहायला.

घरी येऊन मी ते आठ प्रश्न जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहिले आणि त्यांची उत्तरं पुस्तकांतून शोधून काढली. कुणाचं काही चोरलं नव्हतं. माझ्याच डोक्यातलं माझ्याच डायरीत होतं. असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते सारखं सांगावं लागत होतं.

त्या खेपेला आमच्यातल्या कुणाचंच नाव लागलं नाही. पुढची जाहिरात अडीच वर्षांनी आली. तोवर त्याचं वय कडेला आलं होतं. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला तो वयाच्या अटीत बसत होता, ते अवघ्या पाच आठवड्यांनी. ही हुकली की पुन्हा अर्जच करता येणार नव्हता. हे अभ्यासिकेत सगळ्यांना माहीत होतं, गिरणीवाल्यालासुद्धा. परीक्षेच्या महिनाभर आधी गिरणीवाल्यानं याच्यासाठी संध्याकाळचं दळण बंद ठेवलं. टेबल हलायला नको म्हणून. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या पण ठेवलं. मी त्याच टेबलावर दोन वर्षं हलतच अभ्यास केला होता.

त्या महिन्यात ती डायरी मी रोज पिशवीतून न्यायचो. तीन-चारदा वाटलं की सहज म्हणावं, अरे, मागच्या पेपरातले काही प्रश्न आठवले बघ. एकदा तर डायरी बाहेर काढलीही. तेवढ्यात सुनंदा त्याच्यासाठी घरून धपाटे घेऊन आली. मी डायरी परत आत घातली.

दुसऱ्या परीक्षेत माझ्या आठांतले दोन प्रश्न जसेच्या तसे आले. एक सोपा होता, कुणालाही यावा असा. दुसरा होता विटांच्या बांधकामाचा. एका दिवसात विटांची भिंत जास्तीत जास्त किती उंच चढवावी? मला उत्तर पाठ होतं, मी गोल काळा केला आणि पुढे गेलो.

चहाच्या दुकानात पुन्हा ताव वाटले गेले. या वेळी मी माझे वीसच्या वीस लिहिले. विटांचा प्रश्न त्याच्या वाट्यात आला होता. सगळ्यांचं लिहून झाल्यावर त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, "मी एक मीटर लिवलंय."

सुनंदानं पिशवीतून पुस्तक काढून पान उघडलं. "दीड मीटर आहे," ती हळूच म्हणाली.

"दीड?" तो हसायला लागला. "आमच्याकडं पावसात दीड मीटर चढवा बरं. सकाळी येऊन बघायचं, भित शेतात जाऊन निजलेली. मी मीटरच्या वर कदी चढूच दिली न्हाय."

सगळे हसले. म्हणजे पुस्तकाचं उत्तर एक आणि राधानगरीच्या पावसाचं एक, असा तो घोळ होता. पुस्तकात बघून ठेवायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती, कारण ते काम त्यानं शेकडो दिवस स्वतःच्या हाताने केलं होतं. आधी कुणी प्रश्न आणून दिला असता तर त्यानं पुस्तक उघडलं असतं. तावांवर आलेले सगळेच प्रश्न तो पुस्तकातून पडताळून घ्यायचा.

हसता हसता तो थांबला. चहाचा कप तसाच हातात धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो मागच्या खेपंला बी हुता न्हवं?" तो म्हणाला. "तुमच्या वीसात. शेवटाला कुठंतरी."

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

 त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "इसरला असाल. हुतंय." आणि सगळ्यांच्या चहाची ऑर्डर पुन्हा देऊन आला.

निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव होतं. त्याचं नव्हतं. पुढे गुण कळले. एका गुणाने गेलं.

पेढे घेऊन मी घरी आलो. वडिलांनी पेढा हातात घेतला, तोंडात घालायच्या आधी विचारलं, "त्याचं काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी पेढा बशीत परत ठेवला. माझी नोकरी लागली तो दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच आला. हातात नारळ, गळ्यात घालायला झेंडूचा हार, आणि ती कापडी पिशवी. हार त्यानं माझ्या गळ्यात घातला आणि पिशवी वडिलांपुढे धरली. "अण्णा, आता ह्यो साहेबांस्नी लागणार. आमचं काय, दोरीला दगड बांधून बी भागतंय."

वडिलांनी पिशवी उघडलीही नाही. "दिलेली वस्तू परत घ्यायची पद्धत न्हाय आमच्यात," म्हणाले आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या खांद्याला अडकवली. मी हार घालून बघत उभा होतो. नोकरी माझी, हार माझा, आणि तरीही त्या खोलीतलं जे काही मोलाचं होतं ते त्याच्याकडेच निघालं होतं. एवढं चांगलं वागायची त्याला काय गरज पडली होती, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, तेच आलं.

मग माझ्या बदल्या सुरू झाल्या. लग्न झालं, वडील गेले. त्यांच्या दिवसाला तो येऊन गेल्याचं आईनं सांगितलं. मी नेमका तेव्हा विधीसाठी नदीवर होतो. सुनंदा पुढच्या परीक्षेत लागली आणि कोकणात गेली. त्याच्याबद्दल मी कुणाला विचारत नव्हतो. विचारावं लागलंही नाही.

दोन हजार सालानंतर आमच्या कार्यालयात नवे कनिष्ठ अभियंते यायला लागले. एकदा दोघे एकदम रुजू झाले, दोघेही राधानगरीकडचे. जेवणाच्या सुट्टीत सारखं 'सर असं म्हणायचे, सर तसं म्हणायचे' चालायचं. कोण हे सर, म्हणून विचारलं तर त्यातला एकजण डबा बाजूला ठेवून ताठ बसला. साधं नाव सांगायला ताठ बसला. गावातल्या दूध संस्थेच्या मागची खोली, म्हणाला. सर दिवसभर साइटवर असतात. संध्याकाळी दूध घालून झालं की पोरं तिथंच थांबतात आणि सर शिकवतात. फी नाही. पण परीक्षा देऊन आल्यावर आपल्या वाट्याचे वीस प्रश्न लिहून द्यायचे, हा नेम.

"पहिल्यापासूनचे सगळे पेपर आहेत सरांकडे," तो म्हणाला. "अगदी जुना एक आहे, त्यात आठ प्रश्न कोरेच आहेत. आम्ही विचारलं एकदा, हे कुणी विसरलं म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"सर म्हणाले, त्या पावण्याला त्या दिवशी ताप होता. अंगात एवढा ताप असून बारा आणले, तुम्ही धडधाकट असून पंधरा आणता."

मला ताप नव्हता. तसं मी कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. डब्यातली भाकरी मी तशीच झाकून ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याला कळलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझी लाज झाकायला तो वर्षानुवर्षं नव्या पोरांना खोटं सांगत होता. त्या दिवशीसुद्धा, सगळं कळून, माझ्या पोटात पहिल्यांदा काय उठलं असेल? हेवाच. माझ्या हाताखाली सात माणसं होती, पण माझं नाव घेताना कुणी डबा बाजूला ठेवत नव्हतं.

जाऊन भेटायचं ठरवलं. डायरी शोधून काढली, ते पान फाडून पाकिटात घातलं. पण आज इन्स्पेक्शन, उद्या मीटिंग, मग पाऊस लागला, रस्ता बंद. भेटून काय बोलायचं ते जुळत नव्हतं, हे खरं कारण. पाकीट सहा-सात महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मग एका सकाळी त्या दोघांनी एकदम रजेचे अर्ज माझ्या टेबलावर ठेवले. सर गेले होते. साइटवरच छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. अजून पन्नाशीही आली नव्हती.

उत्तरकार्याला मी गेलो. गाव लहान, शेवटच्या वळणावर गाडी थांबवावी लागली, कारण पुढे रस्त्याच्या कडेला ओळीनं जीप उभ्या होत्या. सगळ्या सरकारी. बांधकामाच्या, पाण्याच्या, रस्त्यांच्या, तीन जिल्ह्यांच्या. सरकारी वाहन खासगी कामाला वापरायचं नाही हा नियम सगळ्यांनी मोडला होता, मीसुद्धा. सरकारी नोकरी ज्याला एका गुणाने मिळाली नाही त्याच्या दारात खात्यांची रांग लागली होती. मी जीपच्या कडेकडेनं चालत गेलो आणि चालता चालता मोजत होतो, आणि मनात येत होतं, माझ्या वेळी किती येतील. मेलेल्या माणसाचा हेवा करायचाही शेवट असावा. मला तो सापडत नव्हता.

मांडवात पोरं पंगतीला बसत होती. पोरं म्हणजे तिशीतले, चाळिशीतले अभियंते, मांडी घालून, बूट बाहेर काढून. पाकीट माझ्या खिशात होतं. कुणाला द्यायचं कळत नव्हतं.

त्याची बायको दाराशी उभी होती. तिनं मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "तुम्ही सरांच्या कुठल्या सालच्या पोरांतलं?"

मी माझं पद सांगू शकलो असतो. मित्र होतो, एकाच अभ्यासिकेत होतो, असंही सांगू शकलो असतो, आणि तेही खरंच होतं.

"पहिल्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आत वळून म्हणाली, "ह्यास्नी जागा करा रं." ते सगळे थोडे थोडे सरकले. मी बूट काढले आणि त्यांच्यात जाऊन बसलो.